काळोखातले चित्र कसे उजळते?

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालय सुरू झाले, त्या आठवड्यातली गोष्ट. अकरावीतला एक विद्यार्थी प्रयोगशाळेच्या दाराशी घुटमळत उभा होता. आत बोलावले, तेव्हा त्याने खिशातला मोबाइल काढला आणि विचारले, "सर, हे जरा उजळून मिळेल का?"

चित्रफीत अवघ्या चाळीस सेकंदांची होती. गावाकडचे घर, पहाटेची वेळ, कोपऱ्यात झिरोचा पिवळा दिवा आणि जात्यावर दळता दळता गाणारी त्याची आजी. आवाज अगदी स्वच्छ होता. चित्र मात्र जवळजवळ काळे. दिव्याचा पिवळा गोळा आणि त्याच्याखाली हलणारी एक सावली, एवढेच काय ते दिसत होते. आजी त्या पावसाळ्यात वारली होती आणि तिचे गातानाचे दुसरे चित्रण घरात कोणाकडेच नव्हते.

त्याने स्वतः दोन उपाय करून पाहिले होते. पहिला उपाय संपादनाचा. संगणकावर तीच चित्रफीत एकावर एक अशा दोन थरांत मांडायची आणि वरच्या थराला 'स्क्रीन' ही मिश्रणपद्धत लावायची. चित्र उजळले, पण सगळीकडे मुंग्या धावू लागल्या. दुसरा उपाय एका आपोआप चित्र सुधारणाऱ्या प्रणालीचा. तिने तर चेहरा लख्ख आणि गुळगुळीत करून दिला. पण तो पाहून घरातली मंडळी म्हणाली, "ही आपली आजी नव्हे." तिच्या कपाळावरचे आणि हनुवटीवरचे गोंदण नाहीसे झाले होते.

पहिल्या उपायात मुंग्या का आल्या? दुसऱ्यात गोंदण कुठे गेले? आणि तिसरा एखादा उपाय आहे का? विद्यार्थी मित्रहो, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आपल्याला फार मोठे गणित लागणार नाही. गुणाकार, बेरीज आणि वर्गमूळ एवढी शिदोरी पुरेशी आहे.

चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता

मोबाइलच्या भिंगामागे सिलिकॉनची एक लहानशी पट्टी असते. तिला आपण संवेदक म्हणू. तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म घरे असतात. प्रकाश पडला की त्या घरात इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि साठतात. जास्त प्रकाश, जास्त इलेक्ट्रॉन. पावसात अंगणभर वाट्या मांडून ठेवाव्यात आणि नंतर कोणत्या वाटीत किती पाणी साचले ते मोजावे, तसाच हा प्रकार. अशा तऱ्हेने प्रकाश साठवून मोजण्याची एक युक्ती १९६९ साली विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी बेल प्रयोगशाळेत शोधली. त्याबद्दल त्यांना २००९ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या मोबाइलमधला संवेदक वेगळ्या बनावटीचा असतो, पण वाट्यांची कल्पना तीच आहे.

वाट्यांतली मोजणी संपली की प्रत्येक चित्रकणासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे लिहिले जातात. नेहमीच्या चित्रफितीत हा आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पूर्ण उजळ. एका चौकटीत १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० चित्रकण असतील आणि सेकंदाला ३० चौकटी असतील, तर आपल्या चाळीस सेकंदांच्या चित्रफितीत १२०० चौकटी झाल्या. हा १२०० चा आकडा लक्षात ठेवा. पुढे तोच आपल्या उपयोगी पडणार आहे.

येथे एक बारकावा सांगून ठेवतो. हे आकडे प्रत्यक्ष प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. १२८ हा आकडा जवळजवळ निम्मा दिसतो, पण तो दाखवतो पूर्ण उजेडाचा साधारण पाचवा हिस्सा. आपल्या डोळ्याला अंधारातला लहानसा फरकही जाणवतो, भर उजेडातला जाणवत नाही. म्हणून उपलब्ध २५६ आकड्यांपैकी पुष्कळसे आकडे मुद्दामच अंधाराच्या वाट्याला दिलेले असतात.

थरावर थर

संपादनाच्या प्रणालीत चित्रे एकमेकांवर रचता येतात. या थरांचे आजही वापरात असलेले गणित टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली एका निबंधात व्यवस्थित मांडले. वरचा थर खालच्या थरात कसा मिसळायचा, याच्या निरनिराळ्या पद्धती असतात. अंधारे चित्र उजळण्यासाठी त्यांपैकी दोन पद्धती नेहमी वापरतात.

पहिली 'ॲड', म्हणजे सरळ बेरीज. तेच चित्र त्याच चित्रावर ठेवून बेरीज केली की प्रत्येक आकडा दुप्पट होतो. २० चे ४० झाले, ४० चे ८० झाले, येथवर ठीक. पण २०० चे ४०० होतील कसे? वाटीची उंचीच २५५. ज्या ज्या ठिकाणी आकडा १२७ च्या पुढे होता, ती सगळी ठिकाणे सपाट पांढरी होतात. दिव्याभोवतीची भिंत अशीच नाहीशी होते.

दुसरी पद्धत 'स्क्रीन'. दोन प्रक्षेपकांनी एकाच पडद्यावर चित्रे टाकली तर पडदा अधिक उजळतो, त्यावरून हे नाव पडले. पण तिचे गणित नुसत्या बेरजेचे नाही. ते काळेपणाच्या गुणाकाराचे आहे. समजा, एका चित्रकणाचा आकडा २० आहे. त्याला २५५ ने भागा. उजेड आला ०.०७८. म्हणजे काळेपण झाले १ − ०.०७८ = ०.९२२. आता त्याच चित्राचा दुसरा थर वर ठेवला की काळेपणाचा काळेपणाशी गुणाकार करायचा. ०.९२२ × ०.९२२ = ०.८५०. काळेपण ०.८५० उरले, म्हणजे उजेड झाला ०.१५०. त्याला पुन्हा २५५ ने गुणले की आकडा मिळतो ३८.

शून्य ते एक यांच्या दरम्यान असलेल्या दोन संख्यांचा गुणाकार कधीही ऋण होत नाही. म्हणून कितीही थर रचले तरी आकडा २५५ च्या पलीकडे जाऊच शकत नाही. पुढचे आकडे पाहा.

मूळ १० – दुप्पट केल्यास २० – स्क्रीनने २०
मूळ २० – दुप्पट केल्यास ४० – स्क्रीनने ३८
मूळ ४० – दुप्पट केल्यास ८० – स्क्रीनने ७४
मूळ ८० – दुप्पट केल्यास १६० – स्क्रीनने १३५
मूळ १२८ – दुप्पट केल्यास २५५ – स्क्रीनने १९२
मूळ २०० – दुप्पट केल्यास २५५ – स्क्रीनने २४३

काय दिसते? अंधाऱ्या भागात दोन्ही पद्धती जवळजवळ सारख्या. उजेडाच्या भागात मात्र स्क्रीन पद्धत हात आखडता घेते. म्हणूनच अंधार उजळायचा पण दिवा फुटू द्यायचा नाही, अशा वेळी संपादक मंडळी तिला पसंती देतात. तिसरा, चौथा थर चढवला तर २० चा आकडा ३८ वरून ५५ वर आणि मग ७१ वर जातो.

थराची अपारदर्शकताही कमी-जास्त करता येते. ती ५० टक्के ठेवली की खालचे चित्र आणि मिश्रणानंतरचे चित्र यांची सरासरी मिळते. २० आणि ३८ यांच्या मधला २९. याशिवाय थराला मुखवटा लावता येतो, म्हणजे त्याचा परिणाम ठरावीक जागेपुरताच ठेवता येतो. दिव्याची जागा वगळायची आणि फक्त चेहऱ्याचा भाग उजळायचा, हे मुखवट्याचे काम. मुखवट्याची कड मऊ ठेवावी, नाहीतर चित्रावर ठिगळ लावल्यासारखे दिसते.

मुंग्या कुठून आल्या?

विद्यार्थ्याने नेमके हेच केले होते. मग मुंग्या का आल्या? याचे उत्तर प्रकाशाच्या स्वभावात आहे.

प्रकाश अखंड धारेसारखा येत नाही. तो कणाकणाने येतो. या कणांना फोटॉन म्हणतात. पावसाच्या वाट्यांकडे पुन्हा वळू. मुसळधार पाऊस तासभर पडला तर शेजारशेजारच्या वाट्यांत जवळजवळ सारखेच पाणी साचेल. पण नुसते चार थेंब यावेत इतकाच पाऊस पडला तर? एका वाटीत सहा थेंब पडतील, दुसरीत दोन, तिसरीत चार. पाऊस तर सगळीकडे सारखाच होता! ही असमानता वाटीचा दोष नव्हे, थेंबांचा स्वभाव आहे.

याचा नियम सोपा आहे. सरासरी जितके कण अपेक्षित असतील, त्याच्या वर्गमूळाइतका चढ-उतार साधारणपणे होतो. १०,००० कण अपेक्षित असतील तर चढ-उतार १०० चा, म्हणजे १ टक्का. १०० कण अपेक्षित असतील तर १० चा, म्हणजे १० टक्के. आणि ४ च कण अपेक्षित असतील तर २ चा, म्हणजे तब्बल ५० टक्के! अंधारात चेहऱ्यावरच्या शेजारच्या दोन चित्रकणांना सारखाच प्रकाश मिळत असूनही त्यांचे आकडे वेगळे येतात, आणि पुढच्या चौकटीत पुन्हा वेगळे. त्याच या धावणाऱ्या मुंग्या. आकडे वाचताना विद्युतमंडलाची स्वतःची थोडी खरखर होते, तीही यात मिसळते.

आता गुणाकार काय करतो पाहा. समजा, चेहऱ्याचा आकडा २० च्या आसपास असून तो ५ ने वर-खाली होतो आहे. थर चढवून आपण तो चौपट केला. २० चे ८० झाले, पण ५ चेही २० झाले. चेहरा आणि मुंग्या यांचे गुणोत्तर होते तेच राहिले. पूर्वी मुंग्या अंधारात दडलेल्या होत्या, आता त्या उजेडात आल्या, एवढेच.

शिवाय आणखी एक नुकसान होते. ० ते २५५ या पायऱ्यांपैकी चेहऱ्याच्या वाट्याला मुळात १५ ते २५ एवढ्या ११ च पायऱ्या आल्या होत्या. चौपट केल्यावर त्या ६०, ६४, ६८ अशा होतात. मधले ६१, ६२, ६३ हे आकडे कुठून येणार? ते कधी नोंदलेच गेले नव्हते. म्हणून गालावरची छाया हळूहळू न बदलता पायऱ्यापायऱ्यांनी बदलताना दिसते. काही कॅमेरे २५६ ऐवजी १०२४ पायऱ्यांनी नोंद करतात, त्यांच्यात हा दोष कमी होतो. मुंग्यांत निळे ठिपके जास्त दिसले तर त्याचेही कारण आता ओळखता येईल. पिवळ्या दिव्याच्या प्रकाशात निळा भाग फार थोडा असतो. रंग समतोल करण्यासाठी निळ्या आकड्यांना सर्वांत मोठ्या संख्येने गुणावे लागते, आणि त्यांच्या मुंग्याही तितक्याच मोठ्या होतात.

विद्यार्थ्याने मला विचारले, "पण सर, मला तर तिथे आजी नीट दिसत होती." त्याचे म्हणणे खरेच होते. अंधारात डोळ्याची बाहुली सुमारे २ मिलिमीटरपासून ७-८ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. शिवाय वीस ते तीस मिनिटांत दृष्टिपटलातल्या दंडपेशी अंधाराला सरावतात. तो त्या खोलीत पहाटेपासून बसलेला होता. कॅमेऱ्याला मात्र प्रत्येक चौकटीसाठी जास्तीत जास्त एक तीसांश सेकंद मिळत होता.

वर्गात करून पाहा

आतापर्यंतचे सारे तुम्हांला वर्गात फाशांनी पडताळून पाहता येईल. साहित्य अगदी साधे. कागद, पेन्सिल आणि प्रत्येक जोडीला सापशिडीचे वेगवेगळ्या रंगांचे तीन फासे.

कागदावर ६ × ६ अशी ३६ घरे आखा. मधले दोन उभे स्तंभ आणि मधल्या दोन आडव्या ओळी मिळून अधिक चिन्हाची आकृती होते. तिच्यात २० घरे येतात. ही आपली उजळ वस्तू. उरलेली १६ घरे म्हणजे अंधारी पार्श्वभूमी. आकृती वेगळ्या कागदावर पाहून ठेवा, मोजणीच्या कागदावर ती काढू नका.

आता तिन्ही फासे एकदम टाका. पहिला फासा ओळ सांगेल, दुसरा स्तंभ. ते घर उजळ आकृतीतले असेल तर त्यात एक टिंब द्या. अंधारे असेल तर तिसऱ्या फाशावर १ किंवा २ पडले असतील तरच टिंब द्या, एरवी देऊ नका. म्हणजे अंधाऱ्या घरांना उजळ घरांच्या एक तृतीयांश प्रकाश मिळाला. असे ३६ वेळा करा. ही झाली तुमची एक चौकट.

तुमचा कागद आकृती माहीत नसलेल्या मित्राला दाखवा. त्याला अधिक चिन्ह ओळखता येणार नाही. कारण उजळ २० घरांपैकी सातेक घरे रिकामीच राहिलेली असतील आणि अंधाऱ्या १६ पैकी चार-पाच घरांत टिंबे पडलेली असतील.

आता दोन गोष्टी करा. पहिली, आपल्या कागदावरच्या प्रत्येक आकड्याला १० ने गुणा. १ चे १० होतील, २ चे २० होतील, पण ० चे ० च राहतील. मित्राला पुन्हा दाखवा. त्याला आधी ओळखता आले नव्हते, आताही येणार नाही. दुसरी गोष्ट, वर्गातल्या दहा जोड्यांचे दहा कागद घ्या आणि घरागणिक बेरीज करा. आता उजळ घरांत १० च्या आसपास टिंबे असतील, साधारण ३ ने कमी-जास्त. अंधाऱ्या घरांत ३ च्या आसपास, साधारण २ ने कमी-जास्त. दोन-चार घरे फसवतील, पण अधिक चिन्ह डोळ्यांत भरेल.

आपल्या पाठाचा गाभा या दोन कृतींत आहे. एकाच कागदाला दहाने गुणणे आणि दहा वेगवेगळ्या कागदांची बेरीज करणे, यांत दिसायला फरक थोडा, पण परिणामात फार मोठा. गुणाकाराने नवा प्रकाश येत नाही. बेरजेने येतो, कारण प्रत्येक कागदावर नवे कण पडलेले असतात.

बेरीज वेगवेगळ्या चौकटींची

तीच चित्रफीत स्वतःवरच रचली तर तो गुणाकार झाला. पण आपल्याजवळ तर १२०० वेगवेगळ्या चौकटी आहेत! शेजारच्या चौकटींतला चेहरा एकच, मुंग्या मात्र प्रत्येकीत निराळ्या. n चौकटींची सरासरी घेतली तर मुंग्या √n पटीने कमी होतात. ४ चौकटी घेतल्या तर निम्म्या, १६ घेतल्या तर एक चतुर्थांश. आधी अशी सरासरी घ्यायची आणि मग उजळायचे.

खगोलशास्त्रज्ञ हेच करतात. १९९५ सालच्या डिसेंबरात हबल दुर्बीण दहा दिवस आकाशाच्या एका चिमुकल्या, जवळजवळ रिकाम्या दिसणाऱ्या तुकड्यावर रोखून धरली होती. त्या दहा दिवसांतली ३४२ चित्रे एकत्र केली, तेव्हा त्या तुकड्यात सुमारे ३,००० दीर्घिका दिसल्या. एकट्या चित्रात त्यांतल्या अनेक हाती लागल्या नसत्या. मोबाइलवर रात्रीचे छायाचित्र काढताना दोन-तीन सेकंद हात स्थिर धरा अशी सूचना येते, तीही याचसाठी. त्या वेळात तो अनेक चौकटी घेऊन एकत्र करत असतो.

संपादन-प्रणालीत ही सरासरी थरांनीच घेता येते. तीच चित्रफीत चार थरांत मांडा, पण प्रत्येक वरचा थर एकेका चौकटीने पुढे सरकवा. मिश्रण नेहमीचे साधे ठेवा. सर्वांत खालच्या थराची अपारदर्शकता १०० टक्के, दुसऱ्याची ५०, तिसऱ्याची ३३ आणि चौथ्याची २५ टक्के ठेवा. हे आकडे असे उतरते का? पहिला थर क आणि दुसरा ख. दुसरा निम्मा अपारदर्शक, म्हणून दोघांचे मिश्रण झाले क आणि ख यांची सरासरी. त्यावर ग हा थर एक तृतीयांश अपारदर्शक ठेवला की आधीच्या सरासरीचा दोन तृतीयांश आणि ग चा एक तृतीयांश मिळतो. म्हणजे क, ख, ग या तिघांनाही बरोबर एक-एक तृतीयांश वाटा. याच रीतीने nव्या थराला १/n एवढी अपारदर्शकता द्यायची. सगळ्यांना ५० टक्के दिले तर सर्वांत वरच्या थरालाच निम्मा वाटा मिळेल आणि खालचे थर झाकले जातील. ही चूक नवशिक्यांकडून हमखास होते.

हलणाऱ्या माणसाचे काय?

सरासरीला एक अट आहे. वस्तू स्थिर हवी. आजीचा हात तर जात्याबरोबर गरगर फिरत होता. सोळा चौकटींची सरासरी घेतली तेव्हा हाताच्या जागी धुराचे कडे उरले.

मग आम्ही चित्राचे भाग पाडले. मोबाइल खांबाला टेकवून ठेवलेला होता, त्यामुळे भिंत, फळीवरचे डबे आणि दाराची चौकट अजिबात हलत नव्हती. तेवढ्या भागासाठी शेकडो चौकटींची सरासरी घेतली. तो भाग इतका स्वच्छ झाला की फळीवरचे डबे मोजता येऊ लागले. आजीच्या आकृतीभोवती मऊ कडेचा मुखवटा काढून तेथे तीनच चौकटींची सरासरी घेतली. त्यानंतर स्क्रीनचा एक थर दिला आणि त्यातून दिवा वगळला. शेवटी काळ्या भागाचा आकडा किंचित खाली ओढला, कारण मुंग्याही उजळल्यामुळे काळा रंग राखाडी दिसू लागतो. आता दळणारे हात दिसत होते, लुगड्याचा काठ दिसत होता. चेहरा मात्र अजून धूसर होता.

चित्रफीत चौकटी-चौकटीने पुढे नेताना विद्यार्थ्यालाच एक जागा सापडली. मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात घालण्यासाठी आजी क्षणभर थांबली होती. अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ तिची मान स्थिर होती. म्हणजे सोळा चौकटी! त्या सोळांची सरासरी घेतली. हिशेबाप्रमाणे मुंग्या चौपट कमी व्हायला हव्या होत्या. प्रत्यक्षात तेवढ्या झाल्या नाहीत. मोबाइल जागा वाचवण्यासाठी चित्रफीत दाबून साठवतो, त्यात अंधारातले बारकावे काही प्रमाणात कायमचे जातात आणि शेजारच्या चौकटींतल्या चुका एकमेकींसारख्या होतात. तरीही त्या एका स्थिर चित्रात कपाळावरचे गोंदण दिसू लागले. हनुवटीवरचे टिंबही दिसले. विद्यार्थी काही वेळ काहीच बोलला नाही.

मिळवलेले आणि रचलेले

आता दुसऱ्या उपायातले गोंदण कुठे गेले, ते सांगता येईल. आपोआप चित्र सुधारणाऱ्या अनेक प्रणाली असंख्य चित्रांवरून चेहरे साधारणपणे कसे असतात ते शिकलेल्या असतात. जेथे नोंद अपुरी असेल, तेथे त्या अंदाजाने भरतात. कपाळावरची बारीक काळी टिंबे त्यांनी मुंग्या समजून पुसली आणि त्या जागी सर्वसाधारण कपाळ बसवले. चित्र सुंदर झाले, पण त्यातला काही भाग त्या खोलीतून आलेलाच नव्हता.

अशा प्रणाली वापरूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. स्नेहसंमेलनाच्या चित्रफितीत मागचा पडदा गुळगुळीत झाला तर कोणाचे काही बिघडत नाही. पण आजीचा चेहरा, अपघाताचा पुरावा, प्रयोगाची नोंद अशा ठिकाणी काय मिळवलेले आणि काय रचलेले, हे आपल्याला माहीत हवे. गुणाकाराने दडलेले उघड होते. बेरजेने विखुरलेले एकत्र येते. अंदाजाने मात्र नसलेलेही येऊ शकते. म्हणून मूळ चित्रफीत कधी पुसू नका. सारे काम तिच्या प्रतीवर करा.

चित्रण करतानाच थोडी काळजी घेतली तर पुढचे श्रम वाचतात. दिवा निम्म्या अंतरावर आणला तर प्रकाश चौपट होतो, हा व्यस्त वर्गाचा नियम तुम्ही शिकला आहात. समोरच्या बाजूला एखादी पांढरी चादर टांगली तरी सावलीतला चेहरा उजळतो. भिंग स्वच्छ पुसा. मोबाइल हातात न धरता कशाला तरी टेकवा. आणि चित्रण सुरू करताना कोणी हलत नाही असे पाच सेकंद घ्या. सेकंदाला ३० या हिशेबाने तुमच्या हाती १५० स्थिर चौकटी येतील.

तुमच्या घरी जात्यावर गाणारी, गोष्ट सांगणारी, एखादी जुनी कला जाणणारी माणसे असतील. त्यांचे चित्रण करायचे तर दिवा जवळ घेऊन करा, आणि लवकर करा.

प्रश्न

१. एका चित्रकणाचा आकडा ५० आहे. त्याच चित्राचा थर स्क्रीन पद्धतीने वर ठेवल्यास नवा आकडा किती?

२. मुंग्या एक पंचमांश करायच्या असतील, तर किती चौकटींची सरासरी घ्यावी लागेल?

३. पाच थरांची समान सरासरी हवी आहे. पाचव्या थराची अपारदर्शकता किती ठेवाल?

४. दिवा चेहऱ्यापासून ३ मीटरवरून १ मीटरवर आणला. चेहऱ्यावरचा प्रकाश किती पट झाला?

५. एकाच चौकटीच्या सोळा प्रती काढून त्यांची सरासरी घेतली, तर मुंग्या कमी होतील का? का?

उत्तरे: १. सुमारे ९०. २. २५. ३. २० टक्के. ४. ९ पट. ५. नाही, सोळाही प्रतींत त्याच मुंग्या त्याच जागी आहेत, नवा प्रकाश एकीतही आलेला नाही.